पावती एकाची, भरवसा दुसऱ्यावर

मित्रहो, मुंबईतल्या 1982 च्या गिरणी संपाचा विषय निघाला की बोलणं बहुतेक वेळा दोन जागी जाऊन थांबतं. एक म्हणजे संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत, आणि दुसरी गिरण्यांच्या जमिनी. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण 18 जानेवारी 1982 ला मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत पगारवाढ होती, बदली कामगारांना कायम करा ही होती, आणि त्यांच्याच बरोबरीने आणखी एक होती: ‘बीआयआर कायदा’, म्हणजे मुंबई औद्योगिक संबंध कायदा, रद्द करा. अडीच लाख माणसं एका कायद्याच्या कलमांवर चिडून घरी बसली, असं सहसा होत नाही. त्यातल्या निम्म्यांनी तो कायदा डोळ्यांनी पाहिलाही नसेल. पण त्या कायद्याने आपल्या गळ्यात कोण बांधलंय, हे खात्याखात्यात माहीत होतं. आज मला त्याबद्दल बोलायचंय. हा संप मालकांविरुद्ध होता, हे सगळे सांगतात. तो कामगारांच्या स्वतःच्याच युनियनविरुद्धही होता, हे मात्र घाईघाईत सांगून पुढे जातात.

ती युनियन म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ, काँग्रेसप्रणीत इंटकची. आणि तो कायदा म्हणजे 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. त्याच्यामागे तेव्हाचे मजूरमंत्री गुलझारीलाल नंदा होते. नंदा आले अहमदाबादच्या मजूर महाजन या कामगार संघटनेतून, म्हणजे गांधीजींच्या परंपरेतून. मालक आणि मजूर यांनी भांडण्यापेक्षा लवादाकडे जावं, ही त्यांची मनापासूनची श्रद्धा. त्यांच्या हेतूबद्दल मी शंका घेणार नाही. पण मुंबई म्हणजे अहमदाबाद नव्हे. इथे 1928 सालापासून कम्युनिस्टांच्या गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा होता, सहा-सहा महिने चाललेले संप होते. आणि या कायद्याच्या आधीचा, 1938 चा कायदा येत होता तेव्हाच बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात सांगितलं होतं की, याचं खरं नाव ‘कामगारांचं नागरी स्वातंत्र्य स्थगित करणारा कायदा’ असायला हवं. त्या विधेयकाविरुद्ध 7 नोव्हेंबर 1938 ला स्वतंत्र मजूर पक्षाने आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला होता. तरी पुढे तीच दिशा आणखी पक्की झाली.

आता कायद्यातली मेख बघा. एखाद्या भागातल्या एखाद्या धंद्यात 25 टक्के कामगार तुमचे सभासद असले, की तुम्हाला ‘प्रातिनिधिक संघटना’ म्हणून नोंद मिळू शकते. मुंबईत गिरणी कामगार अडीच लाख धरले, तर सभासदत्वाच्या साडेबासष्ट हजार पावत्या झाल्या की पुरे. मुंबईत ही नोंद होती राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे; संघाच्या वहीत आकडा याहून बराच मोठा असे, ते सोडा; मी कायद्याचा उंबरठा कुठे होता ते सांगतोय. एकदा ही नोंद मिळाली, की पगार, भत्ता, बोनस, कामाचा बोजा, सगळ्याचे करार तीच करणार. आणि ते करार सगळ्यांवर बंधनकारक. तुम्ही लाल बावट्याचे असा, समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेचे असा, नाहीतर कुणाचेच नसा.

बरं, एखाद्या कामगाराला वाटलं की संघ आपली बाजू मांडत नाही, तर त्याने काय करायचं? कोर्टात स्वतः उभं राहायचं? तेही नाही. 1962 मध्ये अहमदाबादच्या एका गिरणीतलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. प्रातिनिधिक संघटना हजर झाली की कामगाराला स्वतःची बाजू स्वतः मांडता येत नाही, आणि त्या संघटनेचा हेतू चांगला की वाईट याने यात काही फरक पडत नाही, असा निकाल लागला. भरवसा नसेल तर कामगारांनी संघटना बदलावी, हा त्यावरचा उपाय. कागदावर अगदी रास्त.

आता बदलायची कशी? मतदान नाही. गुप्त नाही, उघड नाही, कसलंच नाही. निबंधकाकडे सभासदांच्या नोंदी न्यायच्या आणि ठरावीक महिने सलग तेवढे सभासद होते हे सिद्ध करायचं. ज्या युनियनला मालक गिरणीत पाय ठेवू देत नाही, तिने ही वर्गणी गोळा करायची गेटबाहेर, पाळी सुटताना, भोंगा झाल्यावर घरी पळणाऱ्या माणसांकडून. पावती फाडणारा कोण हे जॉबरला, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाला, कळलं की फाडून घेणाऱ्याचंही नाव त्याला कळतं. आणि तो बदली कामगार असला तर? बदलीवाल्याला रोज पाळीला गेटवर उभं राहायचं असतं, कुणी कायम कामगार आला नाही तर आत घेतील या आशेने. त्याला आत घ्यायचं की परत पाठवायचं, हे ज्याच्या हातात, त्याच्या डोळ्यांसमोर तो विरोधी युनियनची पावती कशाला घेईल?

शिवाय, बेकायदा संपाला चिथावणी दिली तर संघटनेची नोंद रद्द होऊ शकते, अशीही तरतूद. आणि प्रातिनिधिक संघटनेला डावलून केलेला संप या कायद्याखाली जवळजवळ हमखास बेकायदाच ठरायचा. म्हणजे संघावरचा राग दाखवायचा एकमेव मार्ग पत्करलात, की संघाची जागा घेण्याचा तुमचा रस्ता बंद. दार आतून कडी लावलेलं, आणि कडी काढायची तर आधी आत असायला हवं.

संघाने काहीच केलं नाही असं मात्र मी म्हणणार नाही. गिरण्यागिरण्यांतले वेगवेगळे पगार एका मापात बसवणं, महागाई भत्ता निर्देशांकाला जोडणं, या गोष्टी त्या लवादाच्या चौकटीतूनच पक्क्या झाल्या. पन्नास-साठच्या दशकात गिरणीतली नोकरी म्हणजे पक्की नोकरी. कोकणातून, साताऱ्याहून पोराला मुंबईला पाठवताना बाप गिरणीचंच नाव घ्यायचा. ज्यांना ‘मालकाची दलाल संघटना’ एवढं एकच वाक्य येतं, त्यांना हे दिवस आठवत नाहीत. पण याच चौकटीची दुसरी बाजू सत्तरच्या दशकात उघडी पडली. सगळ्या धंद्याचा एकच करार, म्हणून एखादी गिरणी बक्कळ नफ्यात असली तरी तिथल्या कामगाराला वेगळं काही मागता येईना. त्याच चाळीत, शेजारच्याच खोलीत राहणारा माणूस इंजिनीअरिंग किंवा औषधाच्या कारखान्यात होता. त्याची युनियन एका कारखान्यापुरती बोलणी करायची. त्याचा पगार दर कराराला वर जाताना गिरणीतला साचेवाला, म्हणजे मागावरचा विणकर, बघत होता. मुंबईत सगळ्यांत जुना, सगळ्यांत लढाऊ म्हणवणारा कामगार पगारात मागे पडला. तो पगाराने जेवढा दुखावला, तेवढाच या बेइज्जतीनेही दुखावला, असं मला वाटतं.

लाल बावट्याकडेही तो जाऊन आला होता. 1974 मध्ये कम्युनिस्ट नेते डांग्यांच्या नेतृत्वाखाली 42 दिवस संप झाला, पण त्याच्या शेवटी जे पदरात पडलं त्याने त्याचं समाधान झालं नाही. म्हणजे 1981 ची दिवाळी आली तेव्हा त्याची नाराजी एकट्या संघापुरती नव्हती. जुन्या सगळ्याच झेंड्यांवरून त्याचं मन उडालं होतं.

त्या दिवाळीचा बोनस हे निमित्त. कायद्याने बोनस किमान 8.33 टक्के, कमाल 20. कामगारांना वीसची आशा लावलेली होती. संघाने तडजोड केली ती गिरणीगणिक 8.33 ते 17.33 टक्क्यांवर. पहिला भडका प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलमध्ये उडाला. मग आणखी काही गिरण्या बंद पडल्या. शिवसेनेच्या गिरणी कामगार सेनेनेही एक दिवस संप केला आणि पाऊल मागे घेतलं. त्यावर कामगार अजूनच वैतागले. आणि मग हे लोक घाटकोपरला गेले, डॉक्टर सामंतांच्या दारात.

सामंतांचं गणित अगदी सोपं होतं. घाटकोपरच्या दगडखाणीतल्या मजुरांपासून त्यांनी सुरुवात केली. ताळेबंद, निर्देशांक, लवाद या भानगडीत ते पडत नसत. मागणी करायची, संप करायचा, मालक नमेपर्यंत थांबायचं. इंजिनीअरिंग कारखान्यांत हे चाललं होतं. गिरण्यांचं प्रकरण वेगळं आहे, आडवा बीआयआर कायदा आहे, संप लांबेल, हे त्यांनी आलेल्या कामगारांना सांगितलं. कामगार हटले नाहीत. नेत्याने अनुयायी गोळा केल्याच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. इथे अनुयायांनी नेता गाठला आणि सोडला नाही.

यापुढचं तुम्हाला माहीत आहे. गावाकडून धान्याची पोती आली, खानावळवाल्या बायकांनी उधारीवर ताटं वाढली, बायकांच्या अंगावरचं सोनं गेलं, मग घरातली भांडी गेली. ऑगस्ट 1982 मध्ये खुद्द मुंबईचे पोलीस संपावर गेले. मुख्यमंत्रिपदावर बाबासाहेब भोसल्यांच्या जागी वसंतदादा पाटील आले. सरकारचं आणि गिरणीमालक संघाचं शेवटपर्यंत एकच पालुपद: आम्ही बोलू ते मान्यताप्राप्त युनियनशी. म्हणजे जिच्यावर राग काढून लोक बाहेर पडले, तिच्याशीच. आणि ती युनियन कामगारांना सांगत होती, कामावर चला.

आता माझं मत सांगतो. इथे बसलेल्या काही जुन्या मंडळींना ते आवडणार नाही. संघ सुरू होता तो कामगारांच्या मताशिवाय. पण सामंतांचा संपसुद्धा मतदानाने सुरू झाला नाही आणि मतदानाने संपलाही नाही. तो अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. 1983 च्या पावसाळ्यात कितीतरी जण आतून मोडले होते, गुपचूप कामावर परतत होते, आणि परतणाऱ्याला बाकीचे फितूर म्हणत होते. कामगारांना एकदा विचारायला हवं होतं: चिठ्ठी टाका, चालू ठेवायचं की थांबवायचं? विचारलं असतं तर बहुधा पहिले काही महिने ‘चालू’ असंच उत्तर आलं असतं, हेही मी मान्य करतो. पण विचारायची रीतच कुणी पाडली नव्हती. ज्या कामगाराला पस्तीस वर्षं कायद्याने विचारलं नाही, त्याला त्याच्या लाडक्या नेत्यानेही विचारलं नाही. मैदानात हात वर करणारी लाखाची सभा म्हणजे मतदान नव्हे. शेजारचा बघत असताना हात खाली कोण ठेवतो?

लाखाच्या वर कामगारांना पुन्हा गिरणी दिसली नाही. सामंत 1984 मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेतही काँग्रेसविरुद्ध खासदार झाले, गिरणगावाच्या मतांवर. यावरून काय ते समजा: मतपेटी मिळाली तिथे कामगाराने मत दिलं. पण गिरणीत प्रातिनिधिक संघटना कोण? तोच संघ. पुढे गिरण्या बंद होत गेल्या, 1991 नंतर जमिनी विकायची वाट मोकळी झाली, स्वेच्छानिवृत्तीचे करार झाले, त्यावरही सह्या संघाच्याच. बंद गिरण्यांचे कामगार 1989 मध्ये दत्ता इस्वलकरांबरोबर वेगळी संघर्ष समिती काढून उपोषणाला बसले आणि पुढे घरांसाठी लढले. तेही या कायद्याच्या बाहेर राहूनच.

समोरून एक चिठ्ठी आली आहे. ‘आमच्या कंपनीतली युनियन वर्गणी घेते, पण करार झाल्यावरच आम्हाला कळतो. आम्ही काय करायचं?’ नाव लिहिलेलं नाही, बरं केलं.

गिरण्यांबाहेरच्या कारखान्यांसाठी महाराष्ट्रात 1971 चा मान्यता कायदा आला. त्यात 30 टक्के सभासद लागतात, आणि तपासणी पुन्हा नोंदवहीचीच. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने अनेक युनियनांपैकी एकटीने बोलणी करायची तर 51 टक्क्यांचा उंबरठा ठेवला, त्यामुळे अल्पमताचं राज्य थोडं अवघड होईल. पण गुप्त मतदानाने ठरवता येतं, हे रेल्वेने 2007 मध्ये दाखवलंय. देशभर पसरलेले लाखो कर्मचारी, तरी पेट्या ठेवल्या, मतं मोजली, मान्यता दिली. त्यामुळे ‘ते व्यवहार्य नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

तुमच्यापुरतं विचाराल तर दुसरी युनियन काढायच्या आधी पहिलीचं दफ्तर मागा. हिशेबाच्या वह्या आणि सभासदांची यादी बघायचा हक्क 1926 च्या कायद्यापासून साध्या सभासदालाही आहे, आणि नव्या संहितेनेही ती सोय युनियनच्या नियमांत असलीच पाहिजे असं म्हटलंय. लेखी मागा, चार-पाच जणांनी मिळून मागा, पोच घ्या. यादीत तुमचं नाव कोणत्या महिन्यापासून आहे ते बघा. निवृत्त झालेल्यांची, बदलून गेलेल्यांची नावं अजून आहेत का, तेही बघा. आणि पुढचं मागणीपत्रक मालकाकडे जाण्याआधी सर्वसाधारण सभेत वाचून दाखवा, अशी मागणी त्याच अर्जात खाली लिहून टाका.