सात दिवस जास्तीचे

(दृश्य: खुराड्याचा अंधारा कोपरा. पिसं फुलवून बसलेली खुडूक कोंबडी. हात जवळ येताच ती गुरगुरते.)

हिला रवणात, म्हणजे अंडी उबवायला, बसून आज २१ दिवस झाले. पोटाखाली कोंबडीची अंडी असती, तर एव्हाना चिवचिव सुरू झाली असती. पण ही अंडी बदकाची आहेत आणि त्यांना २८ दिवस लागतात. अजून पुरता एक आठवडा आहे.

हे कोंबडीला कोणी सांगितलेलं नाही. तिला ते सांगावंही लागत नाही, कारण ती दिवस मोजत नाही. खुडूक झाल्यावर तिच्या पोटावरची पिसं विरळ होतात, तिथल्या कातडीला रक्ताचा पुरवठा वाढतो आणि ती उघडी, गरम कातडी थेट अंड्यांना भिडते. हा स्पर्श चालू आहे तोवर तिच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक चढलेलं राहतं आणि तिला जागा सोडवत नाही. पिल्लांचा आवाज आला, अंगाखाली वळवळ झाली, की ते उतरू लागतं. तोपर्यंत ती बसते.

(दृश्य: कोंबडी घरट्यावरून उठते, दाणे टिपते, पाणी पिते, धुळीत लोळते, घाईने परत जाते.)

दिवसातून साधारण एकदाच ती उठते. पंधरा-वीस मिनिटं, बस्स. एरवीच्या मानाने ती फारच कमी खाते. तुरा फिका पडतो, वजन उतरतं. बदकाच्या अंड्यांवर बसवताना आपण तिच्याकडून याच उपासाचे सात दिवस जास्तीचे मागतो. ती ते देते. म्हणून तिची काळजी घेणं ही बसवणाऱ्याची जबाबदारी आहे. दाणा-पाणी घरट्याच्या जवळ हवं. एखाद्या दिवशी ती उठलीच नाही, तर तिला अलगद उचलून बाहेर ठेवावं. उचलण्याआधी पंखांखाली हात घालून पाहावा, तिथे कधी अंडं अडकलेलं असतं.

पण बदकाची अंडी बदकीनेच का उबवू नयेत? खाकी कॅम्पबेल, इंडियन रनर अशा जाती पिढ्यान्‌पिढ्या अंड्यांसाठी निवडत आणल्या. त्या निवडीत खुडूक बसण्याची ओढ जवळजवळ विरून गेली. अशी बदकी अंडं टाकते आणि पुढे चालू लागते. मस्कोव्ही बदकी मात्र उत्तम बसते. तिच्या अंड्यांना सुमारे ३५ दिवस लागतात, ती कोंबडीखाली ठेवूच नयेत. तिची तीच उबवू द्यावीत.

ही युक्ती फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास रोमन विचारवंत सिसेरोने लिहून ठेवलं आहे, की आपण बदकाची अंडी अनेकदा कोंबड्यांखाली ठेवतो. पिल्लं आधी तिला आई मानतात आणि पाणी दिसताच तिला सोडून पळतात.

(दृश्य: रात्र. मंद उजेडात कोंबडीखाली एकेक अंडं सरकवणारे हात.)

कोंबडी निवडताना आधी कधी रवण पार पाडलेली असेल, तर तीच घ्यावी. पहिलटकरणीच्या माथी २८ दिवस मारू नयेत. अंगावर उवा-पिसवा असतील तर त्याचा बंदोबस्त बसवण्याआधीच करावा. भुकेपेक्षाही त्या छळामुळे कोंबड्या घरटं सोडतात. दोन-तीन दिवस खोट्या अंड्यांवर बसू द्यावं. टिकली, तर रात्री अंडी बदलावीत. अंधारात ती फारशी कुरकुर करत नाही.

बदकाचं अंडं मोठं. स्वतःची दहा-बारा झाकणाऱ्या कोंबडीला सात-आठ पुरे. कडेचं अंडं उघडं पडलं की ते गारठतं, आणि उलथापालथ करताना ती आज कडेचं अंडं आत ओढते, उद्या आतलं कडेला सारते. म्हणजे एका जास्तीच्या अंड्याने सगळीच धोक्यात येतात. सोबत कोंबडीची अंडी ठेवायचीच असतील, तर ती सात दिवसांनी ठेवावीत. नाहीतर कोंबडीची पिल्लं आधी निघतात, आई त्यांना घेऊन चालू लागते आणि बदकं कवचातच राहतात.

(दृश्य: अंधारात दिव्यासमोर धरलेलं अंडं. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा.)

आठवड्याने अंडी दिव्यासमोर धरावीत. शिरा दिसल्या तर जीव धरला आहे. आरपार स्वच्छ दिसतं ते फळलेलं नाही, ते काढून टाकावं. राहिलं तर सडून घरट्यातच फुटू शकतं. याच वेळी बोथट टोकाकडची हवेची पोकळीही पाहावी. दिवसागणिक ती वाढत जाते. बदकी पोहून ओल्या अंगाने अंड्यांवर येते, कोंबडी कोरडीच येते. हवा कोरडी असेल आणि पोकळी भराभर वाढताना दिसली, तर कोंबडी उठलेली असताना अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका शिडकावा करावा. हवेतच दमटपणा असेल, तर हात आवरावा.

(दृश्य: कवचाला पडलेला पहिला टोचा. आतून बारीक आवाज. कोंबडी मान वाकवून हलकेच कुकुकते.)

शेवटच्या दिवसांत पिल्लू आतून बोलतं आणि कोंबडी त्याला उत्तर देते. टोचा पडल्यापासून बाहेर यायला एक दिवस लागतो, कधी दोनही. हा वेळ वाया जात नसतो. बलक पोटात ओढला जातो, कवचाच्या आतल्या शिरांतलं रक्त पिल्लाच्या अंगात परततं. घाईने कवच सोललं तर तेच रक्त वाहून जातं. पाहत राहावं, हात लावू नये.

(दृश्य: उथळ ताट, त्यात खडे. पिल्लं चोच बुडवून पाणी उडवतात. कोंबडी भोवती फेऱ्या मारते.)

आता कोंबडीची खरी धांदल. ती दाणा दाखवते, उकरून दाखवते, पिल्लं मात्र पाण्याकडे धावतात. नाकपुड्या धुता येतील इतकं खोल पाणी त्यांना हवंच, पण बुडतील इतकं नको. ताटात खडे टाकले की दोन्ही साधतं. पोहायची घाई करू नये. पिसं फुटेपर्यंत लव भिजून पिल्लू गारठू शकतं, आणि कोंबडीला त्यांच्यामागे पाण्यात उतरता येत नाही.

खाद्याबाबत एक गोष्ट नेहमी निसटते. बदकाच्या पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा नायसिन हे जीवनसत्त्व जास्त लागतं. ते कमी पडलं तर पाय वाकतात, पिल्लू धड उभं राहत नाही. पिल्लांच्या साध्या खाद्यात ब्रुअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरतात ते यीस्ट) मिसळलं की ही उणीव भरून निघते.

काही आठवड्यांनी कोंबडी पिल्लांना टोचू लागते, रात्री उंच दांडीवर चढून बसते. बदकं जमिनीवरच झोपतात, म्हणून त्यांच्यासाठी खाली बंदिस्त जागा तयार हवी. कोंबडीला मात्र भरपूर खाऊ द्यावं. तुरा लाल होऊन ती पुन्हा अंड्यावर येईपर्यंत तिला दुसऱ्या रवणाला बसवू नये.