वजूचा नळ

श्रोतेहो, नमस्कार. उन्हाळा लागला की आपल्या अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात टँकरची वाट पाहण्यातच अर्धा दिवस जातो. अशा वेळी मशिदीच्या वजूखान्यात, म्हणजे नमाजआधी हातपाय-तोंड धुण्याच्या जागी, भळभळ वाहणारा नळ मला पाहवत नाही.

वजूत मनगटापर्यंत हात धुतात, चूळ भरतात, मग नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात. त्यानंतर ओला हात डोक्यावरून फिरवायचा, तो मसह. शेवटी घोट्यापर्यंत पाय. मसहला नळ लागतच नाही, तरी तो चालू असतो. बाही वर सारतानाही चालूच! मिनिटाला ६ लिटर देणारा नळ दीड मिनिट उघडा राहिला तर ९ लिटर गेले. ५० नमाजी आणि पाच वेळा धरा, दिवसाचे २,२५० लिटर होतात. आणि बुखारी, मुस्लिम या दोन्ही संग्रहांतली हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, सांगते की ते एका मुद्द पाण्यात वजू करत. मुद्द म्हणजे लिटरभरही नाही.

आता सेन्सरचे नळ आलेत. नळातून न दिसणारा किरण निघतो, हातावर आपटून परतला की आतला व्हॉल्व्ह उघडतो. हात काढला की पाणी बंद. बॅटरीवर चालणारे मिळतात, म्हणजे लोडशेडिंगची चिंता नाही. मलेशियात २०१० मध्ये तर वजूचं अख्खं यंत्रच तयार झालं, एका वजूला १.३ लिटर पाणी घेणारं.

पण आपलं बोअरचं पाणी क्षाराचं. व्हॉल्व्हच्या बारीक जाळीत क्षार बसले की नळ गळतो, नाहीतर उघडतच नाही, आणि दुरुस्तीवाला राहतो तालुक्याला. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे, सेन्सरसाठी वर्गणी काढण्याआधी दाबाचे नळ बसवा. दाबला की काही सेकंद पाणी, मग आपोआप बंद. क्षार त्यालाही छळतात, पण वॉशर गावातला प्लंबर बदलून देतो. पाय धुताना बसल्या जागी हात पोचेल एवढ्याच उंचीवर तो हवा. ज्या म्हाताऱ्यांना दाबायला जड जातं, त्यांच्यासाठी बधने, म्हणजे तोटीचे लोटे, भरून ठेवा. बधन्याच्या पाण्यात वजू आरामात होतो.

येत्या जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, नमाजनंतर कमिटीपुढं हा विषय काढा. जाताना एक बादली न्या, नळाखाली ठेवा, आणि एका वजूत किती पाणी जातं ते सगळ्यांसमोर मोजा.