जनरल हर्किमर आणि त्यांच्या नावाचा जिल्हा

न्यूयॉर्क राज्यातील मोहॉक नदीच्या खोऱ्यात १७९१ साली हर्किमर काउंटी, म्हणजे आपल्या भाषेत हर्किमर जिल्हा, अस्तित्वात आला. ज्या निकोलस हर्किमर यांचे नाव त्याला दिले गेले, ते पेशाने सैनिक नव्हते. जर्मनीच्या पॅलाटिनेट प्रदेशातून अठराव्या शतकाच्या आरंभी आलेल्या विस्थापितांच्या कुळातले ते सधन शेतकरी होते. इंग्रजीपेक्षा घरातली जर्मन बोलीच त्यांना अधिक जवळची होती. ब्रिटनविरुद्ध अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले तेव्हा या मुलखाला ट्रायॉन काउंटी म्हणत, आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या मिलिशियाचे, म्हणजे नागरी सेनेचे, ब्रिगेडियर जनरलपद त्यांच्याकडे आले.

ऑगस्ट १७७७ मध्ये ब्रिटिश सेनानी सेंट लेजर याने स्टॅनविक्स किल्ल्याला वेढा घातला. सुमारे ८०० माणसे घेऊन हर्किमर किल्ल्याच्या मदतीला निघाले. किल्ल्यावरच्या शिबंदीने बाहेर पडून हल्ला चढवावा आणि त्याची खूण म्हणून तोफेचे तीन बार काढावेत, असा निरोप त्यांनी आधीच धाडला होता. बार ऐकू येईपर्यंत थांबावे, हे त्यांचे मत अगदी रास्त होते. पण हाताखालच्या अधिकाऱ्यांना धीर धरवेना. हर्किमर यांचा सख्खा भाऊ इंग्रजांच्या बाजूला होता, त्यामुळे भित्रेपणाच्याच नव्हे, तर फितुरीच्याही आरोपाला त्यांना तोंड द्यावे लागले. अखेर त्यांनी कूच करण्याचा हुकूम दिला.

६ ऑगस्टला ओरिस्कनीजवळच्या घळीत ही फौज दबा धरून बसलेल्या शत्रूच्या तावडीत सापडली. समोर ब्रिटिश राजाशी निष्ठावंत वसाहतवाले होते, जोसेफ ब्रँटच्या हाताखालचे मोहॉक हे मूलनिवासी होते आणि सेनेका जमातीचे लोकही होते. म्हणजे बहुतेक सारे याच मुलखातले. हर्किमर यांचा घोडा पडला आणि त्यांच्या पायात गोळी घुसली. तरी त्यांनी एका झाडाखाली खोगीर ठेवायला लावले आणि त्यावर बसून, पाइप ओढत, ते हुकूम देत राहिले. मध्येच वादळी पाऊस आल्याने लढाई थांबली. बंदूक भरण्याच्या क्षणी एकटा माणूस कुऱ्हाडीने मारला जातो, हे त्यांनी हेरले होते; म्हणून प्रत्येक झाडामागे दोघांनी उभे राहावे, एकाने बार काढावा आणि तोवर दुसऱ्याने बंदूक भरावी, असे त्यांनी ठरवून दिले. माझ्या मते त्यांचे सेनापतिपण पाहायचे ते इथे. ज्या निर्णयाला त्यांचा विरोध होता, त्याची किंमत चुकवताना त्यांनी कुणाला दोष देत वेळ दवडला नाही.

निम्म्याच्या आसपास माणसे मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. हर्किमर यांना घरी नेण्यात आले. चिघळलेला पाय कापला, रक्तस्राव थांबेना, आणि लढाईनंतर दहाएक दिवसांतच ते वारले. त्याच महिन्यात सेंट लेजरला वेढा उठवावा लागला, आणि ऑक्टोबरमध्ये साराटोगाला ब्रिटिश सेनापती बर्गोईनने शरणागती पत्करली.

विल्यम ट्रायॉन हा राजाचा गव्हर्नर होता, म्हणून १७८४ मध्ये त्याचे नाव पुसून क्वेबेकच्या लढाईत पडलेल्या अमेरिकन जनरल माँटगोमेरी यांचे नाव काउंटीला दिले गेले. तिच्यातून १७९१ साली हर्किमर वेगळी निघाली. निकोलस हर्किमर यांचे घर आजही त्याच काउंटीत उभे आहे. रणभूमी मात्र तिच्या हद्दीत नाही, कारण १७९८ साली पश्चिमेचा भाग तोडून ओनायडा काउंटी करण्यात आली.

ओनायडा हे हर्किमर यांच्या बाजूने लढलेले मूलनिवासी लोक. त्यांचा सरदार हान येरी याच्या मनगटाला गोळी लागली, तेव्हा त्याच्या पत्नीने बंदूक भरून देत त्याला लढते ठेवले, अशी नोंद आहे. हर्किमर यांच्याबद्दल बोलताना या सोबत्यांना वगळणे मला न्याय्य वाटत नाही. काउंटीला ओनायडांचे नाव मिळण्याच्या दहा वर्षे आधी, १७८८ मध्ये, न्यूयॉर्क राज्याने एका तहाने त्यांची बहुतेक जमीन आपल्याकडे घेतली होती, आणि तो तह झाला होता त्याच स्टॅनविक्स किल्ल्यावर.