इसार दिला, पुढे काय?

मंडळी, जमिनीच्या व्यवहारात फसल्यासारखं वाटलं की माणसाचे पाय आधी पोलीस ठाण्याकडे वळतात. मला त्यात नवल वाटत नाही. ठाणं जवळ असतं, तिथे कोर्ट फी भरावी लागत नाही, आणि समोरचा खाकी वर्दीला घाबरून खरेदीखत करून देईल अशी आशा असते. पण याच वाटेने गेलेली कितीतरी कुटुंबं मी वकिलीत पाहिली. त्यांची बाजू खरी होती, आणि तरी जमीन हातची गेली, कारण दिवाणी दाव्याची मुदत संपून गेली होती. ते दुःख टाळता येण्यासारखं आहे, म्हणून मी आज बोलतो आहे.

आधी साठेखताबद्दल, म्हणजे पुढे विक्री करून देण्याच्या कराराबद्दल. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 सालचा आहे. त्याचं कलम 54 सांगतं, की विक्रीच्या कराराने त्या मालमत्तेत आपोआप कोणताही हक्क निर्माण होत नाही. साठेखताने तुम्हाला एकच गोष्ट मिळते : खरेदीखत करून मागण्याचा अधिकार. मालकी मिळते ती नोंदणीकृत खरेदीखताने. सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा सरकार या 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा एकदा ठणकावून सांगितलं. न्यायमूर्ती रवींद्रन, पटनाईक आणि गोखले यांचं ते खंडपीठ. साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असे तीन कागद एकत्र करून 'विक्री झाली' म्हणायची पद्धत दिल्ली-हरियाणाकडे फार बोकाळली होती. अशा कागदांनी मालकी जात नाही, असं न्यायालयाने म्हटलं. आपल्याकडेही गुंठेवारीच्या प्लॉटना नोटरीपुढचं साठेखत आणि सोबत कुलमुखत्यारपत्र असा जोड लावतात. घेणारा त्यावर घर बांधतो, मुलीचं लग्न त्याच घरातून करतो, आणि पुढे मूळ मालकाचे वारस दारात उभे राहिले की कळतं, कागदोपत्री आपण मालक कधी झालोच नव्हतो.

'पण सातबाऱ्यावर माझं नाव लागलंय' असं लगेच कुणीतरी म्हणतं. फेरफार सारावसुलीसाठी असतो. त्याने मालकी येत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीदा तरी सांगितलं आहे.

ताबा साठेखताचंही तसंच. ताबा घेतला, पैसेही बरेचसे दिले, तर त्याच कायद्याच्या कलम 53-अ चं, ताबा टिकवण्यापुरतं, संरक्षण मिळतं, पण 2001 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी साठेखत नोंदवलेलं असावं लागतं. शिवाय महाराष्ट्रात ताब्यासह साठेखत केलं की त्यावर खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क लागतं. ते वाचवायला शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर लिहिलेला कागद कोर्टात पुढे केला, की आधी तो जप्त होतो आणि दंडासह शुल्क भरा म्हणतात.

आता मुदतीकडे येतो. मद्रासकडचा एक निकाल आहे, के. एस. विद्यानादम विरुद्ध वैरवन, 1997 सालचा. मदुराई शहरातलं घर, 1978 मध्ये 60,000 रुपयांना ठरलेलं. इसार 5,000. सहा महिन्यांत उरलेले पैसे देऊन, स्टॅम्प पेपर आणून खरेदी करून घ्यायची असं करारात लिहिलेलं. घेणारा अडीच वर्षं स्वस्थ बसला. तेवढ्यात घरांचे भाव तिपटीने वाढले. मग त्याने दावा लावला. दावा तीन वर्षांच्या मुदतीत होता, तरीही सर्वोच्च न्यायालयाने त्याला खरेदीखत दिलं नाही. मुदतीचा कायदा तीन वर्षं देतो याचा अर्थ तीन वर्षं हातावर हात ठेवून बसा असा नाही, विशेषतः शहरातल्या मिळकतीत. मला हा निकाल न्याय्य वाटतो. विकणाऱ्यालाही त्या पैशांतून कुठेतरी दुसरं घर घ्यायचं असतं.

करारात ठरलं तेच समोरच्याला करायला लावणं म्हणजे विशिष्ट पूर्तता. 1 ऑक्टोबर 2018 पासून या विशिष्ट पूर्ततेच्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि न्यायाधीशाच्या मर्जीचा भाग बराच कमी झाला. पण 'मी तयार होतो आणि राजीही होतो' हे घेणाऱ्याने सिद्ध करायची अट गेलेली नाही. म्हणजे बँकेच्या पासबुकात पैसे, मंजूर कर्जाचं पत्र, वेळेवर पोस्टाने पाठवलेली नोटीस, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात ठरल्या दिवशी हजर राहिल्याचा पुरावा. तोंडी 'भाऊ, बघू पुढच्या महिन्यात' याला कोर्टात वजन नाही.

आणि हे तीन वर्षांचं गणित नीट ऐका. करारात खरेदीची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं तुम्हाला समजल्यापासून. चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे घालवलेला वेळ मुदतीच्या कायद्याच्या कलम 14 खाली वजा मिळतो, पण तो दिवाणी कामात घालवलेला असेल तरच. पोलीस ठाण्यातले हेलपाटे, एसपी साहेबांना दिलेले अर्ज, मॅजिस्ट्रेटपुढची खासगी फिर्याद, यांतला एकही दिवस वजा होत नाही.

तिथे मिळतं तरी काय? खरेदीखत करून न देणं म्हणजे चारशेवीस, फसवणुकीचा गुन्हा, नव्हे. आता 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम 318 झालं, पण कसोटी तीच आहे : सौदा करतानाच मनात लबाडी होती का? भाव वाढल्यावर नियत फिरली, तर तो करारभंग. एकच प्लॉट दोघांना विकला, बँकेचा बोजा लपवला, तर फसवणूक होऊ शकते आणि तिथे फिर्याद जरूर द्यावी. दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, गुन्हा दिसत असेल तर पोलिसांना तो नोंदवावाच लागतो, हे ललिता कुमारी प्रकरणात 2013 साली ठरलं. मात्र व्यापारी स्वरूपाच्या वादात आधी प्राथमिक चौकशीची मुभाही त्याच निकालाने दिली. अटकेची आशाही धरू नका. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक नको, असं अर्णेश कुमार निकाल सांगतो.

मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार, 2009, हा निकाल तर प्रत्येक जमीनमालकाने समजून घ्यावा. एकाने दुसऱ्याची जमीन आपली म्हणून तिसऱ्याला विकली. मूळ मालकाने बनावट दस्ताची फिर्याद दिली. न्यायालय म्हणालं, विकणाऱ्याने सही स्वतःच्याच नावाने केली आहे, तो दुसरा कुणी असल्याचं भासवलेलं नाही, म्हणून कायद्याच्या अर्थाने हा खोटा दस्त होत नाही. आणि फसवणूक झाली असेलच तर ती विकत घेणाऱ्याची, मूळ मालकाची नाही. मालकाने दिवाणी कोर्टात जाऊन हक्क जाहीर करून घ्यावा. तुमच्या नावाने तोतया उभा करून अंगठे घेतले असतील, तर मात्र तो सरळ बनावटगिरीचा गुन्हा आहे.

दावा लावलात की त्याच आठवड्यात लिस पेंडन्सची, म्हणजे या जमिनीवर दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 52 ला आपल्याकडे 1939 ची दुरुस्ती आहे. ती जिथे लागू आहे तिथे नोटीस नोंदवली नसेल, तर दावा चालू असताना जमीन विकत घेणाऱ्यावर तुमचा निकाल त्या कलमाने बंधनकारक होत नाही.

शेवटची गोष्ट दाव्याच्या मागण्यांची. खरेदीखत मागताना 'ते मिळणार नसेल तर इसार परत द्या' ही मागणीही लिहावी लागते. विशिष्ट पूर्ततेच्या कायद्याच्या कलम 22 प्रमाणे मागितल्याशिवाय ती रक्कम कोर्ट देऊ शकत नाही. लिहायची राहिली असेल तर दावा चालू असताना कोणत्याही टप्प्यावर दुरुस्तीचा अर्ज देता येतो. ज्यांचे दावे चालू आहेत त्यांनी उद्याच आपल्या वकिलांकडून दाव्याची प्रत मागून घ्यावी आणि विनंतीचं कलम स्वतः वाचावं.