सकाळी सहा वाजता, सिडनीत

नमस्कार श्रोतेहो.

सिडनीत राहणाऱ्या आपल्या सगळ्यांना एक हिशोब तोंडपाठ असतो. इथे सकाळचे सहा वाजतात तेव्हा पुण्या-नागपुरात रात्रीचा दीड वाजलेला असतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आपली घड्याळं तासभर पुढे गेली की मग साडेबारा. त्यामुळे सकाळी चहाचा कप घेऊन बसावं आणि आईला फोन लावावा, हे इथे जमत नाही. तिकडे उजाडतं तेव्हा आपले साडेदहा-अकरा झालेले असतात आणि आपण कामात बुडालेलो असतो. सुरुवातीला ही सकाळची वेळ मला फार जड जायची. घर झोपलेलं, रस्ता रिकामा, दूधवाला नाही, पेपरवाला नाही, शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा नाही. त्या वेळेनं मला जो छंद लावला, त्याबद्दल आज बोलणार आहे. तो छंद म्हणजे पक्षी बघणं.

पक्षिनिरीक्षण म्हटलं की डोळ्यांसमोर महागडी दुर्बीण, भलीमोठी लेन्स आणि जंगलातली भटकंती येते. तसलं काही मी सांगत नाही. टूंगाबी, वेन्टवर्थव्हिल, ब्लॅकटाउन अशा आपल्या नेहमीच्या वस्त्यांत, मागच्या दारी उभं राहून जे दिसतं आणि ऐकू येतं, तेवढंच. आणि ते पुष्कळ आहे.

उजाडायच्या आधी पहिली हाळी कुकाबराची. नवीन माणूस तो आवाज ऐकून दचकतोच, कारण चारपाच माणसं खदाखदा हसताहेत असं वाटतं. कुकाबरा हा आपल्या खंड्याच्या कुळातला. जगातला सगळ्यात वजनदार खंड्या तोच. मात्र तो माशांवर जगत नाही. सरडे, किडे, उंदीर, प्रसंगी लहानसा सापही त्याला चालतो. आणि ते हसणं म्हणजे आनंद नव्हे, ती कुटुंबाची हद्द आहे. आईबाप आणि आधीच्या विणीतली मोठी झालेली पिल्लं एकत्र राहतात, नव्या पिल्लांना भरवायला मदत करतात आणि सगळी मिळून पहाटे आणि तिन्हीसांजेला ओरडून सांगतात की हा परिसर आमचा. एवढं कळल्यावर त्या आवाजाकडे माझे कान वेगळ्याच तऱ्हेनं लागले. आता मी पलीकडच्या कुटुंबाचं उत्तर येतं का ते ऐकत थांबते.

मग मॅगपाय. काळा-पांढरा, कावळ्याएवढा, आणि गळा असा की बासरीत पाणी भरून वाजवावी. मॅगपायची जोडी वर्षानुवर्षं एकाच हद्दीत राहते आणि तिथल्या माणसांचे चेहरे ओळखते, हे अभ्यासातून सिद्ध झालेलं आहे. आपल्या मुलांना मात्र तो माहीत असतो तो ऑगस्ट ते ऑक्टोबरमधल्या हल्ल्यांमुळे. सायकलवरून शाळेत जाणाऱ्या पोराच्या डोक्यावर मागून झडप येते आणि ते रडत घरी येतं. इथे पालकांनी थोडं समजून घ्यायला हवं. सगळेच मॅगपाय असं करत नाहीत, थोडेच करतात. जे करतात ते बहुतेक नर असतात, आणि तेही घरट्यात अंडी-पिल्लं असतात त्या काही आठवड्यांपुरतेच. त्या दिवसांत रस्ता बदलावा, टोपी आणि गॉगल घालावा, सायकलवरून उतरून चालत जावं. दगड मारू नये. तो पक्षी कायद्यानं संरक्षित आहे हे एक. आणि दुसरं, ज्यानं दगड मारला त्याचा चेहरा तो विसरत नाही.

कचऱ्याच्या डब्यांची गोष्ट तर सिडनीतच घडलेली. आदल्या रात्री आपण लाल झाकणाचा डबा रस्त्याकडेला ठेवतो आणि सकाळी झाकण उघडं, पावाचे तुकडे इतस्ततः. हे काम पिवळ्या तुऱ्याच्या पांढऱ्या काकाकुवाचं. 2018 च्या आधी ही करामत फक्त तीन उपनगरांतल्या काकाकुवांना येत होती, 2019 च्या अखेरीला ती 44 उपनगरांत पोचली होती. एकाचं बघून दुसरा शिकत गेला. 2021 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला, आणि त्यात असंही दिसलं की झाकण उघडायची पद्धत प्रत्येक भागात थोडी थोडी वेगळी आहे. लोकांनी झाकणावर विटा ठेवल्या, फटीत जुने बूट खोचले, तर पक्ष्यांनी विटा ढकलायला सुरुवात केली. अलीकडे आपल्या पश्चिम सिडनीतल्या काकाकुवांनी बागेतल्या पिण्याच्या पाण्याच्या नळाची मूठ पायानं दाबून फिरवायची, हेही साधलं आहे. पिंजऱ्यात जन्म काढणारा काकाकुवा मी लहानपणी कुणाकुणाच्या घरी पाहिला होता. तोच पक्षी इथे मोकळ्या आभाळाखाली डोकं चालवताना बघणं हा मला फार मोठा आनंद वाटतो.

सप्टेंबर संपत आला की मी एका आवाजाची वाट बघते. कोकीळ! हो, सिडनीत कोकीळ येतो. आपल्याकडचा तो आणि इथला तो आता वेगवेगळ्या जाती मानतात, पण भाऊबंद अगदी सख्खे. तसाच काळा कुळकुळीत नर, तसेच लाल डोळे, तसाच चढत जाणारा सूर. तो न्यू गिनी आणि इंडोनेशियाच्या बाजूनं वसंतात इथे येतो आणि मार्च-एप्रिलकडे परत जातो. आपल्याकडे त्याची मादी कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, इथे ती वॉटलबर्डसारख्या पक्ष्यांच्या घरट्यात घालते. तो पहाटे तीन वाजताही ओरडतो, म्हणून शेजारी वैतागतात आणि कौन्सिलकडे तक्रार करतात. मी मात्र त्या आवाजानं जागी झाले तर खिडकी आणखी उघडते. आपल्याकडे तो चैत्र-वैशाखात, आंब्याच्या दिवसांत ऐकायचा. इथे तो दसरा-दिवाळीला ऐकू येतो. पहिल्या वर्षी दिवाळीच्या फराळाची भाजणी भाजताना तो ऐकला तेव्हा कालनिर्णयाचं पान आणि खिडकीबाहेरचा ऋतू यांची सांगडच लागेना. आता ती लागली आहे.

आणि साळुंकी. तिच्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्या माणसांना इथे आल्यावर पहिल्यांदा ओळखीची वाटते ती तीच. पिवळी चोच, डोळ्यामागे पिवळा पट्टा, तोच तोरा. तिला बघून जीव सुखावतो आणि मग शेजारी सांगतो की हा इथला अतिशय नकोसा पक्षी आहे, लोक त्याला पकडायला पिंजरे लावतात. इथे तिला सर्रास ‘इंडियन मायना’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला मनातून लागलं होतं.

हकीकत अशी. 1862 मध्ये साळुंक्या मेलबर्नला आणल्या गेल्या, भाजीच्या मळ्यांतले किडे खाण्यासाठी. पुढे 1883 मध्ये क्वीन्सलँडच्या उसाच्या शेतांत सोडल्या गेल्या. त्या काळात युरोपातून आलेल्या लोकांनी परदेशी प्राणी-पक्षी इथे रुजवण्यासाठी संस्थाच काढल्या होत्या. चिमण्या तशाच आल्या, आपला होला आला, 1880 च्या सुमारास सिडनीत आपला शिपाई बुलबुल आला. तुऱ्याचा, गालावर लाल ठिपका असलेला तो बुलबुल आजही आपल्या बागांत दिसतो. पण साळुंकीचं गणित वेगळं झालं. ती झाडाच्या ढोलीत घरटं करते. रोझेलासारखे इथले पोपटही ढोलीतच अंडी घालतात. आणि निलगिरीच्या जातीच्या झाडाला चांगली ढोली पडायला शंभराहून अधिक वर्षं लागतात. वस्तीसाठी जुनी झाडं तोडली गेली, उरलेल्या ढोल्या साळुंकीनं दमदाटी करून बळकावल्या, मग रोझेलानं जायचं कुठे? जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परकीय जातींची एक यादी 2000 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात पक्षी तीनच होते, आणि त्यातली एक साळुंकी.

स्थलांतरित माणसांशी तिची तुलना करण्याचा मोह अनेकांना होतो. मला ती तुलना पटत नाही. साळुंकीला पिंजऱ्यात घालून आणलं, तिला विचारलं नव्हतं. आपण आपल्या पायांनी आलो, आणि इथे कसं राहायचं ते आपण ठरवू शकतो. साळुंकीवर माझा राग नाही. पण मी तिला दाणे घालत नाही, कुत्र्याचं खाणं अंगणात उघडं ठेवत नाही आणि छपराच्या फटी बुजवून घेतल्या आहेत. एक सावधगिरी मात्र घ्या: तिच्यासारखाच दिसणारा ‘नॉइझी मायनर’ नावाचा करड्या अंगाचा पक्षी इथलाच मूळ रहिवासी आहे, त्याला साळुंकी समजून कुणी त्रास देऊ नये.

दाण्यांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या एका सवयीबद्दल बोलते. चिमणी-कावळ्याला घास काढून ठेवणं हा आपल्याकडचा संस्कार. तो सोडा असं सांगताना माझी जीभ अडते, तरी सांगते. लोरिकीट या इथल्या पोपटाच्या जिभेला ब्रशसारखे केस असतात, ती फुलातला मध चाटण्यासाठी. त्याला पाव किंवा भात देणं म्हणजे त्याची प्रकृती बिघडवणं. कुकाबरा-मॅगपायला नुसता खिमा घातला तर कॅल्शियम कमी पडून हाडं कमकुवत होतात. एकाच ताटलीवर खूप पोपट जमले की त्यांच्यात चोचीचा आणि पिसांचा जीवघेणा रोग पसरतो. त्याऐवजी पसरट मातीच्या भांड्यात पाणी ठेवा, रोज बदला. सिडनीच्या पश्चिमेला उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा त्या पाण्याचं मोल दाण्यापेक्षा जास्त. आणि कुंपणालगत एखादं ग्रेव्हिलिया, बँक्सिया किंवा बॉटलब्रश लावा. घास घालण्याचं समाधान त्यातही मिळतं, फक्त फुलं येईपर्यंत धीर धरावा लागतो. पितृपक्षात पान ठेवायचं असेल तर जरूर ठेवा. इथला रेव्हन, पांढऱ्या डोळ्यांचा मोठा कावळा, येतो. तान्हं मूल रडावं तसा लांबलचक त्याचा आवाज आहे. माझ्या वडिलांच्या तिथीला तो कुंपणावर येऊन बसला होता, आणि माझं मन शांत झालं होतं.

आता ज्यांच्यासाठी खरं तर मी हे सगळं बोलते आहे, ती मंडळी. भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आई-बाबा, सासू-सासरे. मुलगा-सून सातला बाहेर पडतात, नातवंडं शाळेत जातात आणि दिवसभर हे दोघं चार भिंतींत. गाडी चालवता येत नाही, बस तासाला एक, टीव्हीवरच्या मालिका तरी किती बघायच्या. बाबा दुपारी खिडकीशी नुसते बसून असतात, हे आपल्यातल्या किती घरांत घडतं! त्यांच्या हातात एक वही आणि साधी दुर्बीण द्या. आठ पट मोठं दाखवणारी पुरे, जास्त ताकदीची घेतली तर म्हाताऱ्या हातात हलते. शेती पाहिलेल्या, गावात वाढलेल्या माणसांची नजर आपल्यापेक्षा पुष्कळ तयार असते. माझ्या सासऱ्यांनी शेजारच्या गमट्रीवर, म्हणजे निलगिरीच्या झाडावर, बसलेला फ्रॉगमाउथ हा घुबडासारखा दिसणारा पक्षी मला दाखवला. दिवसा तो फांदी मोडून वाळली असावी तसा निश्चल बसतो. मी रोज त्याच झाडाखालून जात होते. त्याचा एक नातेवाईक आपल्या सह्याद्रीतही आहे, सिंधुदुर्ग-गोव्याच्या रानांत.

शनिवार-रविवारी त्यांना घेऊन ऑलिंपिक पार्कच्या पाणथळीकडे जा. बायसेन्टेनियल पार्कपासून खारफुटीतून लाकडी वाट जाते, चढउतार नाही, बसायला जागा आहेत. उन्हाळ्यात तिथे गॉडविट दिसतात, लांब चोचीचे, चिखलात चरणारे. ते अलास्काहून उडत येतात. 2022 मध्ये अंगावर उपग्रहाचं यंत्र लावलेलं गॉडविटचं एक पिल्लू अलास्काहून निघालं आणि कुठेही न उतरता 11 दिवसांत 13,560 किलोमीटर कापून टास्मानियात पोचलं. वय पाच महिने, बरोबर वाट दाखवायला मोठं कुणी होतं की नव्हतं कोण जाणे. मुलांना ही गोष्ट त्या चिखलासमोर उभं राहूनच सांगा.

दर ऑक्टोबरमध्ये बर्डलाइफ ऑस्ट्रेलिया ही संस्था देशभर पक्षिगणना घेते. 2014 पासून ती चालू आहे. त्या आठवड्यात कुठल्याही एका जागी 20 मिनिटं थांबायचं आणि दिसतील ते पक्षी मोजून त्यांच्या अ‍ॅपमध्ये भरायचे. पैसे पडत नाहीत. अंगण, बाल्कनी, शाळेचं मैदान, काहीही चालतं. नाव ठाऊक नसेल तर आकार आणि रंग सांगून शोधता येतं. साळुंक्याही मोजायच्या, त्या किती वाढल्या हे कळायला हवं. आई-बाबा आलेले असतील तर बघण्याचं काम त्यांच्याकडे द्या, मोबाईलमध्ये भरण्याचं नातवंडांकडे. सकाळी सात ते नऊची वेळ चांगली. नमस्कार.