तीन हजार मैलांचा शब्द

मित्रहो, ‘लोनसम डव्ह’ या अमेरिकी टीव्ही मालिकेची गोष्ट मी शेवटाकडून सांगतो. मोंटानातल्या माइल्स सिटीत गस मक्रे मरतो. बाणाच्या जखमेने पाय सडलेला, एक कापलेला, दुसरा तो कापू देत नाही. मरताना मित्राकडे मागणं काय, तर मला टेक्सासला नेऊन पूर. जिथे तो क्लारा या आपल्या जुन्या प्रेयसीसोबत सुखाने बसला होता, त्याच ओढ्याकाठी. वुड्रो कॉल हो म्हणतो आणि सुमारे तीन हजार मैल प्रेत घेऊन जातो. वाटेत नेब्रास्कात खुद्द क्लारा त्याला अडवते, इथेच पुरा म्हणते, नको नको ते सुनावते. तो ऐकून घेतो आणि निघतो.

हे कल्पनेतलं वाटतं ना? पण 1867 साली ऑलिव्हर लव्हिंग हा गुरांचा व्यापारी कोमांची या मूळनिवासी जमातीच्या हल्ल्यात जखमी होऊन न्यू मेक्सिकोत वारला, तेव्हा त्याचा भागीदार चार्ल्स गुडनाइट याने त्याला खरोखरच टेक्सासला परत आणलं. मालिकेत डीट्स या काळ्या सोबत्याच्या थडग्यासाठी कॉल फळी कोरतो, तिचे शब्दसुद्धा गुडनाइटने बोस आयकार्ड या आपल्या काळ्या सोबत्यासाठी लिहिलेल्या थडग्यावरच्या लेखावरून घेतलेले आहेत.

फेब्रुवारी 1989 मध्ये सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर चार रात्री ही मालिका दाखवली. दिग्दर्शक ऑस्ट्रेलियन सायमन विन्सर, पटकथा बिल विट्लिफ यांची. लॅरी मॅकमर्ट्री यांच्या या कादंबरीला 1986 चं पुलित्झर हे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक मिळालं होतं. त्याआधी हीच गोष्ट सत्तरीच्या दशकात चित्रपटासाठी लिहिली गेली होती, जॉन वेन वगैरेंना डोळ्यांसमोर ठेवून. तो चित्रपट झालाच नाही. बरंच झालं. नाहीतर रॉबर्ट ड्युव्हालचा गस आपल्याला मिळाला नसता.

मला मात्र टॉमी ली जोन्सचा कॉल जास्त छळतो. मेलेल्या मित्राला दिलेला शब्द पाळणारा हा माणूस पोटच्या पोराला नाव देत नाही. निघताना न्यूटला घोडी देतो, बंदूक देतो, स्वतःच्या वडिलांचं घड्याळ देतो. ‘तू माझा मुलगा’ एवढं वाक्य ओठांवर येतं आणि तिथेच अडतं. जोन्सचा तो चेहरा पाहा, जबडा कसा आवळला जातो.

पुढचे भाग या अडलेल्या वाक्यापाशीच घुटमळतात. 1993 च्या ‘रिटर्न टू लोनसम डव्ह’मध्ये जॉन व्हॉइट कॉल झाला, तिची कथा मॅकमर्ट्रींची नव्हे. त्यांनी स्वतः लिहिलेल्या ‘स्ट्रीट्स ऑफ लॅरेडो’त न्यूट मेलेलाच आहे, म्हणजे ते बोलायची वेळ कायमची टळली. ‘डेड मॅन्स वॉक’ आणि 2008 ची ‘कोमांची मून’ आपल्याला तरुणपणात नेतात. मला त्या फार लागल्या नाहीत. पण 1995 च्या ‘स्ट्रीट्स’मधला जेम्स गार्नरचा म्हातारा कॉल जरूर पाहा. गसने संकटातून सोडवलेल्या ज्या लोरेनाची त्याने आयुष्यभर काळजी वाहिली असती, तिच्याच दारात हा खचलेला माणूस शेवटी आसरा घेतो. आणि ती त्याला आत घेते.