पाळणा पुन्हा कधी फिरणार?

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून एका ताईंचं पत्र आलंय. त्यांचा मुलगा शाळेच्या सहलीत बंगळूरजवळच्या वंडरला या मनोरंजन पार्कात जाऊन आला, आणि तेव्हापासून घरात एकच धोशा लावून बसलाय, परत कधी जायचं, परत कधी जायचं. त्यावर ताईंनी विचारलंय, कोरोनासारखी साथ पुन्हा आलीच, तर ही पार्कं किती दिवस बंद राहतील?

आधी उत्तर सांगून टाकतो. मागच्या वेळचा अनुभव बघितला तर साधारण चार महिन्यांपासून सव्वा वर्षापर्यंत. मधे एकदा उघडून पुन्हा बंद, हेही धरून चाला. आणि दुसरी गोष्ट, जी मी आज दोन-तीनदा सांगणार आहे: नियम उठला म्हणजे पाळणा फिरला, असं नसतं.

आता आकडे ऐका. अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड 14 मार्च 2020 ला बंद झालं. तेव्हा सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत बंद. उघडलं कधी? 30 एप्रिल 2021 ला. म्हणजे साडेतेरा महिन्यांनी! त्याच कंपनीचं फ्लोरिडातलं पार्क दोनच दिवस मागेपुढे बंद झालं, ते 11 जुलै 2020 ला उघडलंसुद्धा, आणि तेही तिथे रुग्ण भराभर वाढत असताना. देश एक, कंपनी एक, साथ एक. राज्य सरकारं मात्र दोन. हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळं समजवायची गरज नाही. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर ज्यांनी आरटीपीसीआरचा कागद हातात धरून रांग लावली, त्यांना सगळं ठाऊक आहे.

आपल्याकडेही तसंच झालं. मार्च 2020 च्या मध्यावर कर्नाटक सरकारने मॉल, थिएटर, लग्नं, समारंभ बंद केले ते एका आठवड्यासाठी. आठवडा! मग देशभर लॉकडाऊन लागला. केंद्राने मनोरंजन पार्कांना परवानगी दिली ती 15 ऑक्टोबरपासून, आणि वंडरलाचं बंगळूरचं पार्क उघडलं नोव्हेंबरात. एका आठवड्याचे आठ महिने झाले. म्हणून साथीत पहिल्यांदा जी तारीख जाहीर होते, तिच्यावर तिकिटं काढू नका. परत सांगतो, पहिल्या तारखेवर तिकिटं काढू नका.

जाता जाता एक बोलतोच. 4 मे ला दारूची दुकानं उघडली. जूनमध्ये हॉटेलं उघडली, देवळं उघडली, मॉल उघडले. पोरांच्या घसरगुंड्या मात्र कुलपात. पोरांना मत नसतं, दुसरं काय!

असो. नियम उठला म्हणजे पाळणा फिरला असं नाही, हे मला कळलं ते कुठल्या डिस्नेलँडमुळे नाही. उचगावच्या पुढे, शिनोळीच्या अलीकडे माझ्या मावशीचं गाव आहे. तिथली हकिगत सांगतो, जरा निवांत ऐका.

त्या साली होळीनंतर गावची जत्रा होती. मिरजेकडचा एक आकाशपाळणेवाला, सगळे त्याला मामाच म्हणायचे, चार गडी घेऊन आधीच येऊन राहिला होता. माळावर चौदा पाळण्यांचं चक्र उभं राहिलं, रंगीत बल्ब लागले. तेवढ्यात जनरेटर बिघडला, म्हणून मामाने तो वाइंडिंगला शिनोळीला पाठवला. शिनोळी तिथून हाकेच्या अंतरावर. पण शिनोळी महाराष्ट्रात, आणि गाव कर्नाटकात. जत्रा रद्द झाली, पाठोपाठ लॉकडाऊन लागला, आणि मधल्या रस्त्यावर कुणीतरी जेसीबीने चर मारून मातीचा ढीग घातला. झालं! पाळणा कर्नाटकात, जनरेटर महाराष्ट्रात. सीमा ओलांडायला मोबाइलवर सेवा सिंधूचा, म्हणजे कर्नाटक सरकारच्या पोर्टलचा, पास काढायचा तर नाव, आधार, कारण, सगळं लागायचं. त्यात जनरेटरचं आधार कुठून आणणार?

चक्र उतरवून न्यायचं तरी कुठे? मिरजही नाक्यापलीकडेच. पंचायतीने शाळेच्या दोन खोल्या दिल्या, मावशी आणि शेजारच्या बायका आळीपाळीने भाकरी पाठवायच्या. मामाला पोटाची काळजी नव्हती, काळजी बेअरिंगची होती. एवढं वजन एकाच जागी उभं राहिलं की बेअरिंगच्या कड्यांवर गोळ्यांचे तिथेच वळ पडतात. वळवाचं पाणी आत शिरलं की गंज धरतो, आणि मग चक्र फिरताना कटकट वाजतं. म्हणून रोज सकाळी ग्रीस मारायचं आणि चक्र हाताने थोडं तरी फिरवायचं. दोन गडी आऱ्यांना लोंबकळून वजन टाकायचे, दोघं खालून धरायचे, आणि पाळणे एकेक करत वर सरकायचे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मावशी भाकऱ्या घेऊन गेली आणि तिने ते बघितलं. आता आमची मावशी म्हणजे जुन्या वळणाची. पाटी तिथेच खाली ठेवली आणि ओरडली, "रिकामा पाळणा हालवू नये म्हणतात रे बाबा, आणि तू चौदा-चौदा हालवालायस!"

मामा म्हणाला, "मावशी, माणसं बसवायला बंदी आहे. पोलीस मला बसवतील."

"माणसं नको रे. खरं रिकामं नको."

त्या वर्षी कोबीचं काय झालं होतं आठवतंय ना? मार्केटला गाडी जात नव्हती, गेली तर भाड्याचेही पैसे निघत नव्हते. लोकांनी उभ्या कोबीत नांगर घातला होता. मावशीच्या शेतातही गड्डे तसेच पडून. दुसऱ्या दिवशी तिने बैलगाडी भरून पोती आणली आणि चौदा पाळण्यांत चौदा पोती बसवली. मामाने नुसतं हसण्यावारी नेलं नाही बरं का. समोरासमोरच्या पाळण्यांत सारखं वजन असलं की चक्र हाताला हलकं लागतं, म्हणून त्याने पोती उचलून उचलून अंदाज घेतला, इकडचे दोन गड्डे तिकडे केले, आणि वर प्रत्येक पोत्यापुढे लोखंडी दांडी लावून खिटीसुद्धा घातली. गडी विचारतोय, कोबीला खिटी कशाला? मामा म्हणतो, सवय मोडायची नाही.

आणि मग रोज सकाळी आमच्या कोबीने आकाशपाळण्यात बसून महाराष्ट्र बघितला. वरून शिनोळीच्या शेड दिसायच्या, त्यातल्याच एकीत जनरेटर. पोरं बांधावर लांब लांब बसून मोजायची, कुणाचं पोतं वर गेलं. चार-सहा दिवसांत उन्हाने कोबी कुजला, असा वास सुटला की विचारू नका. मग पोत्यांत माती भरली. मावशीची मातीला हरकत नव्हती.

जूनमध्ये आपल्या पश्चिम भागातला पाऊस लागला. चक्राच्या पायाखालचे लाकडी ओंडके एका अंगाला खचायला लागले, मामा रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन पाचरी ठोकायचा. ज्यांची शेतं दोन्हीकडे आहेत त्यांची ये-जा तेवढी चालू होती. अशाच एका शेतकऱ्याने वैरणीच्या गाडीत, वैरणीखाली घालून जनरेटर आणला. याचं डिझेल इंजिन किर्लोस्करचं होतं. आता नाव निघालंच म्हणून सांगतो, तो उद्योग सुरू झाला आपल्या बेळगावात, सायकलच्या दुकानापासून, आणि 1910 साली गेला कुंडल रोडला, म्हणजे आजच्या किर्लोस्करवाडीला, तेव्हाच्या औंध संस्थानात. आपण अजून हळहळतोय, आणि आजही कुणी पोरगा काही नवीन काढतो म्हणाला की आधी त्याला दहा दाखले आणायला लावतो! असो.

तर 15 ऑक्टोबर आला, पार्कांना परवानगी मिळाली. पोरं धावत माळावर. मामा म्हणाला, नाही. जनरेटर होता, परवानगी होती, तरी नाही. त्याने एका बाजूचं बेअरिंग बदललं, पट्टा बदलला, प्रत्येक पाळण्याचा बोल्ट काढून धुऊन परत बसवला. मग मातीची पोती घालून इंजिनावर तासन्‌तास चक्र चालवलं, कानाला हात लावून आवाज ऐकत. दिवाळी गेली तरी त्याने माणूस बसवला नाही. पुढे गावातल्या पोरांना एकदा फुकट फिरवलं आणि मग सामान ट्रकवर चढवून गेला. मावशीला बस म्हणून किती आग्रह केला, ती म्हणाली, "मला चक्कर येते. माझा कोबी बसलाय तेवढं पुरे."

म्हणून म्हणतो, नियम उठला म्हणजे पाळणा फिरला असं नाही. मोठ्या पार्कात तर अशी कितीतरी यंत्रं, वर पाण्याचे हौद, त्यांचं गाळणं, क्लोरीन, आणि गावी निघून गेलेले कामगार. परवानगीच्या तारखेवर काही आठवडे वाढवूनच धरा.

आता वेळ थोडा उरलाय, म्हणून पटकन सांगतो. उघडल्यावर पुन्हा बंद होतात ती कशी? पॅरिसचं डिस्नेलँड जुलै 2020 मध्ये उघडलं, ऑक्टोबरअखेर बंद झालं, ते थेट जून 2021 ला उघडलं. हाँगकाँगचं तर उघड-मीट, उघड-मीटच चाललं होतं. शांघायच्या डिस्नेलँडमध्ये 31 ऑक्टोबर 2022 ला लोक आत असतानाच दारं लावली, टेस्ट निगेटिव्ह आली तरच बाहेर. पाळणे मात्र आत चालू होते म्हणे! जपानमध्ये रोलर कोस्टरवर ओरडू नका असा नियम होता, थुंकी उडते म्हणून. आपल्या पोरांना जमलं असतं का ते? आपल्याकडे दुसरी लाट ओसरल्यावर, जुलै 2021 च्या अखेरीस कर्नाटकाने मनोरंजन पार्कांना परवानगी दिली, पाण्यातल्या खेळांना मात्र नाही. म्हणजे उघडलं तरी अर्धंच उघडलं.

तेव्हा खानापूरच्या ताई, पुन्हा तशी वेळ आलीच तर सहलीचे पैसे आगाऊ भरू नका, आणि भरलेत तर परतीचा नियम आधी वाचा. पहिली तारीख सोडून द्या. दुसरी कॅलेंडरवर पेन्सिलने लिहा. आणि उघडल्या उघडल्या पहिल्याच आठवड्यात पोराला घेऊन धावू नका. गेटवर विचारा, यंत्रं रिकामी किती दिवस चालवून बघितली? उत्तर देताना माणूस इकडेतिकडे बघायला लागला, तर त्या दिवशी नुसती भेळ खाऊन परत या.

पुढच्या वेळी रताळ्याच्या वेलांवरच्या किडीबद्दल बोलू. नमस्कार.